बैठक उठल्यावर लगेच चहा देऊ नका

आमच्या औशाच्या वाड्यात पखवाजाच्या दोन बैठकी झाल्या. दोन्ही एकाच बुवांच्या, दोन्ही एकल, माईक नाही, ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दर्शनी बैठकीच्या ओसरीत, माणसं 40 च्या आत. पहिल्या बैठकीच्या आठवणी आम्ही नासवल्या. दुसरीच्या नीट ठेवल्या. घरगुती मैफल झाली की प्रत्येकजण म्हणतो, हे कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे, आणि आठ दिवसांत विसरतो. ज्यांना खरंच ठेवायचं आहे त्यांच्यासाठी हे सांगतेय. मी पोस्टात 31 वर्षं काढली, त्यामुळं माझा उपाय पोस्टकार्डाचा आहे. हसू नका.

आधी नासवलं कसं ते ऐका. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बारा मात्रांचा चौताल रंगात आला होता आणि लाइट गेली. पुढं बैठक संपली, मी चहा आणि चुरमुऱ्यांचा सुशीला आणला, आणि सगळे कप घेऊन गोल बसले. आमचे मोठे भाऊजी म्हणाले, "अंधार गुडूप, पण बुवांचा हात थांबला नाही बगा." झालं. दुसरा चहा होईपर्यंत ढाळजेतल्या प्रत्येकानं बुवांना अंधारात वाजवताना पाहिलेलं होतं. शेजारच्या काकू त्या वेळी माझ्याबरोबर स्वैपाकघरात होत्या, त्यासुद्धा हातवारे करून सांगायला लागल्या. पुढं कुठंही लग्नात, बारशाला हाच किस्सा, त्याच शब्दांत.

तीन वर्षांनी पुतण्याच्या जुन्या फोनात 11 मिनिटांचं रेकॉर्डिंग सापडलं. त्यात लाइट जाते आणि बुवा थांबतात. सरळ थांबतात. कुणी काडेपेटी मागतं, एक लेकरू रडायला लागतं, बुवा विचारतात, "कंदील आहे का हो घरात?" कंदील येतो. मग बुवा पेटीवाल्याला म्हणतात, "कुठं होतो आपण?" पेटीवाला गंभीरपणे म्हणतो, "नवव्या मात्रेवर." आणि सगळी ढाळज खदाखदा हसते. इतकं गोड हसणं होतं ते, आणि आमच्यापैकी एकालाही आठवत नव्हतं. भाऊजींच्या एका वाक्यानं ते पुसून टाकलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट. बैठक संपली की चहा दाबून धरा. पंधरा मिनिटं पुरे. माणसं जिथं बसली आहेत तिथंच बसू देत, उठली की बोलतात. प्रत्येकाच्या हातात एक कोरं पोस्टकार्ड आणि बॉलपेन द्या. शाईचं पेन नको, घामाच्या हातानं फिसकटतं. पोस्टकार्डच का? वहीचं पान दिलं की लोक निबंध लिहायला लागतात, नाहीतर घाबरतात. कार्डावर जागाच नसते, म्हणून माणूस पहिलं जे मनात आहे तेच लिहितो. पोस्टात मिळाली नाहीत तर जाड कागद त्या मापाचा कापून घ्या. कार्डाच्या कोपऱ्यात नाव आणि बसायची जागा लिहायला सांगा: 'दुसरा खांब', 'उंबऱ्यावर', 'देवळीखाली'. जागेचं महत्त्व पुढं सांगते.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप त्या रात्री उघडू नका. ग्रुपवर पहिला मेसेज ज्याचा, बैठक त्याची. बाकीचे खाली हात जोडून ठेवतात.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा रात्री दिसत नाही त्यांच्याजवळ सातवी-आठवीचं एखादं लेकरू बसवा. पण त्याला आधीच बजावा की जसं बोलतील तसं लिही, शाळेसारखं करू नको. आमच्याकडं एक वारकरी आजोबा होते. औशात नाथ संस्थानाचं चक्रीभजन ऐकत म्हातारे झालेले, फेर धरून भजन कसं चढत जातं ते अंगात मुरलेलं. ते पखवाज म्हणतच नाहीत. ते म्हणाले, "मिरदंग लई गोड बोलला, पर कीर्तनकार कुटं हाय त्येचीच वाट बघत व्हतो." पोरीनं लिहिलं, 'मृदंगवादन श्रवणीय होते.' मी कार्ड परत दिलं आणि आजोबांचं वाक्य पुन्हा घेतलं. त्यांना खरंच तासभर वाटत होतं की ही तयारी चालली आहे आणि आता कुणीतरी अभंग सुरू करेल. एकल वादन पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसाची याहून खरी आठवण कोणती?

आता काय विचारायचं. 'कसं वाटलं?' हा प्रश्न वर्ज्य. त्याला 'अप्रतिम', 'मंत्रमुग्ध', 'स्वर्गीय' हीच उत्तरं येतात, आणि ती उत्तरं कुठल्याही कार्यक्रमाला चालतात, अगदी मंत्र्याच्या सत्कारालाही. मी कार्डं वाटतानाच सांगून टाकलं की ज्यावर मंत्रमुग्ध असेल ते कार्ड परत येईल. दोन आलीच, परत दिली. त्याऐवजी मी हे विचारते: तुम्हाला बुवांचा कोणता भाग दिसत होता? शेजारी कोण होतं आणि ते काय करत होतं? तुमचं लक्ष कधी उडालं आणि कुठं गेलं? कोणता आवाज अजून कानात आहे? शेवटच्या प्रश्नाला एकीनं लिहिलं, 'पेटीच्या भात्याची चर्रचर्र.' दुसऱ्यानं लिहिलं, 'बुवा परण वाजवायच्या आधी तोंडानं म्हणून दाखवत तेव्हा त्यांच्या तोंडात पान होतं.' (परण म्हणजे पखवाजाच्या बोलांची बांधलेली रचना.) लक्ष उडण्याचा प्रश्न विचारायला लाजू नका, सगळ्यात चांगली उत्तरं तिथंच मिळतात. आमच्या वाड्याच्या उत्तरेच्या भिंतीला 1993 च्या भूकंपात पडलेली भेग आहे, किल्लारी आमच्याच तालुक्यात. मी ती चुन्यानं भरून घेतली, तरी रेघ दिसते. एका बाईनं लिहिलं, 'धूम वाजली की मी दरवेळी भेगेकडं बघायचे.' धूम म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाचा घुमणारा आवाज. मी तीच भिंत पाठीशी घेऊन बसले होते. मला हे सुचलंही नव्हतं.

तारीख विचारू नका, लोकांना ती येत नाही. आमच्या भागात माणूस भूकंपाच्या आधी, भूकंपाच्या नंतर, पाणीरेल्वेच्या वर्षी, लॉकडाऊनच्या आधी असं मोजतो. दुसरी बैठक येळवशीच्या, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावस्येच्या सणाच्या, तिसऱ्या दिवशी होती, हे मात्र सगळ्यांना पक्कं आठवतं, कारण घराघरात त्या सणाची भज्जी अजून उरलेली होती. तसंच लिहून घ्या. पंचांग आहेच घरात, तारीख नंतर काढता येते.

कार्डं कुणाकुणाकडून घ्यायची? ऐकायला बसलेल्यांकडून तर घ्यालच. पण जे ऐकायला बसले नव्हते त्यांना विसरू नका. चपलांवर बसवलेलं पोरगं, दाराशी उभा गाडीचा ड्रायव्हर, आत राबणारी माणसं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात, तिनंच तो भरलेला, खालचा आवाज येतो, आणि कमीजास्त करून सूर जुळवतात. ती कणीक माझ्या धाकट्या जावेनं मळली होती. तिच्या कार्डावर बैठकीतलं एक अक्षर नाही. आहे ते असं: 'बुवांनी कणीक चिमटीत दाबून बघितली, म्हणाले, सैल आहे माय, थोडं पीठ घाला. मी म्हणलं, पोळीची आहे. ते म्हणाले, भाकरीला हात चालतो तसा हात याला लागतो. मग वाजवून झाल्यावर कणीक खरवडून त्यांनी कागदात बांधून दिली आणि गाईला घाला म्हणाले.' संगीतातलं सगळं कळणाऱ्या चार माणसांची चार कार्डं एका बाजूला आणि हे एक कार्ड एका बाजूला.

जाणकारांचं मात्र वेगळं बघा. त्यांना कार्ड पुरत नाही, आणि पोस्टकार्डावर ते बारीक अक्षरात पखवाजाच्या नाना पानसे घराण्यापासून सुरुवात करतात. त्यांना दुसऱ्या दिवशी एक पूर्ण कागद द्या आणि फक्त क्रम मागा: आधी काय वाजलं, मग काय, शेवट कशानं झाला. आमच्याकडं दोघांत वाद लागला की उत्तरार्ध धमारात होता की चौतालातच. हा वाद मिटवता येतो. पेटीवाल्याला विचारलं. जो माणूस सव्वा तास एकच नगमा, म्हणजे ताल धरून ठेवणारी पेटीवरची धून, फिरवत बसतो त्याची बोटं मात्रा विसरत नाहीत. त्यानं सांगितलं, बाराच मात्रा होत्या, चौताल, धमार असता तर 14 झाल्या असत्या आणि माझा नगमा बदलला असता. मिटलं. जे मोजता येतं ते मोजून ठरवा. परण किती वाजल्या, लाइट गेली का, बुवा किती वाजता उठले, याची दोन उत्तरं ठेवण्यात अर्थ नाही.

पण उरलेलं जुळवायला जाऊ नका. एकानं लिहिलं बुवा सुरुवातीला चिडलेले होते, दुसऱ्यानं लिहिलं ते हसरे होते. दोन्ही ठेवा. इथं बसायच्या जागा उपयोगी पडतात. मी खाकी कागदावर ढाळजेचा नकाशा काढला, खांब, उंबरा, देवळ्या, बुवांची गादी, आणि कार्डं त्या त्या जागी मांडली. मांडल्यावर कितीतरी भांडणं आपोआप सुटली. बुवांच्या डाव्या हाताला बसलेल्यांनी जवळजवळ सगळ्यांनी धूम लिहिली होती: 'छातीत वाजत होतं', 'ढाळजेची लाकडं हालल्यासारखी.' उजव्या हाताच्या लोकांनी बोटं, उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईवर वाजणारी टणक अक्षरं, 'तिरकिट पाऊस पडल्यासारखं.' म्हणजे एकाच खोलीत दोन बैठकी चालल्या होत्या. चिडलेले आणि हसरे याचाही उलगडा झाला. चिडलेले लिहिणारा दाराजवळ होता, आणि बुवा आत येताना उंबऱ्याला त्यांच्या अंगठ्याला ठेच लागली होती.

रेकॉर्डिंगबद्दल. कलाकाराला आधी विचारा, नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तरी एकाच माणसानं करावं. चाळीस फोन वर धरले की पुढच्याच्या कार्डावर 'समोरच्याचा फोन' एवढंच येतं. शिवाय फोनात धूम नीट येतच नाही. पुतण्याच्या त्या 11 मिनिटांत उजव्या हाताची टकटक तेवढी स्वच्छ आहे, डावा हात कुठं उंदीर पळाल्यासारखा. आणि सगळी कार्डं डब्यात जाईपर्यंत रेकॉर्डिंग कुणालाही ऐकवू नका, नाहीतर लोक फोनातलीच बैठक आठवून लिहितात.

कार्डं ठेवायला बिस्किटाचा पत्र्याचा डबा चांगला. आत वाळवलेला कडुलिंबाचा पाला टाका. दिवसाच्या उजेडात एकेका कार्डाचा फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचा.

वाचन महिन्याभरानं ठेवा, लगेच नको. आम्ही एकादशीला ठेवलं. नियम एकच, आपलं कार्ड आपण वाचायचं नाही, चिठ्ठ्या टाकून दुसऱ्याचं वाचायचं. भाऊजींच्या हाती जावेचं कणकेचं कार्ड आलं आणि त्यांना दोनदा थांबावं लागलं, हसू आवरेना. त्याआधी प्रत्येकाला विचारून ठेवा की वाचायला हरकत नाही ना. एका कार्डाच्या डोक्यावर 'वाचू नये' लिहिलेलं होतं. ते मी डब्यातच ठेवलं, मीही पुन्हा काढलं नाही.

वाचनाला कलाकाराला बोलवावं का? माझं मत, नाही. ते समोर असले की लोक परत मंत्रमुग्ध होतात. त्याऐवजी कार्डांच्या झेरॉक्स काढून पाठवा, सोबत एक कोरं पोस्टकार्ड, आपला पत्ता घालून. मी तसंच केलं, आणि दोन्ही बैठकींतलं काहीही लिहा असं कळवलं. पहिल्या बैठकीचं ते रेकॉर्डिंग बुवांना कधी ऐकवलेलं नव्हतं, पाठवलेलंही नव्हतं.

वीस दिवसांनी कार्ड आलं. बुवांचं अक्षर मोठं आहे, चारच ओळी मावल्या. पहिल्या दोन ओळींत जावेच्या कणकेला आणि उंबऱ्याला नमस्कार. मग लिहिलंय, 'आपल्या पहिल्या बैठकीत वीज गेली आणि मी अंधारात वाजवत राहिलो, ती रात्र विसरलो नाही.'

कोपऱ्यात मी 'जागा: गादी' असं लिहिलं आणि कार्ड डब्यात टाकलं. त्याच्या शेजारी एका पाकिटात पुतण्याच्या फोनातलं जुनं मेमरी कार्ड आहे.