जुनं वायफाय डिव्हाइस नव्या राउटरला कसं जोडायचं

जुना प्रिंटर किंवा कपाटातला लॅपटॉप नव्या राउटरला जोडायला घेतला की कधी नेटवर्कचं नावच दिसत नाही, कधी पासवर्ड बरोबर असूनही कनेक्ट होत नाही, आणि मग लोक सरळ भंगारात काढतात. थांबा जरा, बरेचदा फक्त राउटरची सेटिंग आडवी येत असते.

आधी डिव्हाइसचं लेबल किंवा मॅन्युअल बघा, ८०२.११ (हा वायफायच्या स्टँडर्डचा नंबर) च्या पुढे कुठली अक्षरं आहेत ते. बी आणि ए दोन्ही १९९९ चे, बी चालतो २.४ गिगाहर्ट्झवर ११ एमबीपीएसने, ए चालतो ५ गिगाहर्ट्झवर ५४ ने. २००३ ला जी आला, २.४ वरच ५४. एन २००९ चा, तो २.४ आणि ५ अशा दोन्ही बँडवर चालू शकतो पण स्वस्तातल्या डिव्हाइसमध्ये बहुतेक २.४ च असतो. हे आकडे कागदावरचे, जी वर प्रत्यक्षात २०-२२ मिळाले तरी खूप, पण प्रिंट काढायला, मेल बघायला तेवढं भरपूर झालं. आणि एनला तर जुना म्हणून हिणवू नकाच, स्मार्ट प्लग वगैरे अजूनही त्यावरच चालतात.

आता ब्राउझरमध्ये राउटरचं सेटिंगचं पेज उघडा. २.४ ला वेगळं नाव द्या, दोन्ही बँड एकाच नावाखाली असले की जुनी डिव्हाइस गोंधळतात. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ आणि त्यातलं एन्क्रिप्शन एईएस ठेवा, डब्ल्यूपीए३ मिक्स्ड मोडवर काही जुनी डिव्हाइस अडतात. टीकेआयपी हे जुनं एन्क्रिप्शन निवडू नका, त्याने एनवाल्यांचा स्पीडही ५४ वर येतो. चॅनल विड्थ २० मेगाहर्ट्झ, चॅनल १, ६ किंवा ११. जुन्या लॅपटॉपला नाव तरीही दिसत नसेल तर वायफायचा ड्रायव्हर अपडेट करा, नाहीतर २.४ वरचा एएक्स (वायफाय ६) मोड बंद करून बघा.

बी मोडची गरज नसेल तर तो बंदच करा, हे मी आग्रहाने सांगतो, कारण वायफायची हवा सगळ्यांमध्ये वाटलेली असते, १५०० बाइटचं पॅकेट बी मोडच्या सगळ्यात हळू, १ एमबीपीएस वेगाने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, तेच ५४ ने पाव मिलिसेकंदात जातं, म्हणजे एक हळू डिव्हाइस बोलत असताना त्या चॅनलवरचे बाकी सगळे ताटकळत बसतात.

आणि डिव्हाइसला फक्त डब्ल्यूईपी ही जुनी सिक्युरिटीच येत असेल तर त्याच्यासाठी अख्ख्या नेटवर्कची सिक्युरिटी खाली आणू नका, डब्ल्यूईपी २००१ पासून फुटलेलं आहे, आज काही मिनिटांत तुटतं. अशा डिव्हाइसला लॅन पोर्ट असेल तर सरळ केबल लावा, लॅपटॉप असेल तर एखादा साधा यूएसबी वायफाय अडॅप्टर, फक्त त्याचा ड्रायव्हर तुमच्या जुन्या सिस्टीमवर चालतो का ते घेण्याआधी बघा.