बोलले एक, लिहिले एक: करारात फसल्यावर या चुका टाळा

इंदूरला सुदामानगरात राहणाऱ्या माझ्या मावशीने फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डरचा माणूस ओळखीतलाच, मराठी. "मावशी, खालचं झाकलेलं पार्किंग तुमचं. नर्मदेचं कनेक्शनही आम्हीच करून देऊ," असं तो काकांसमोर दोनदा म्हणाला. विक्रय अनुबंध, म्हणजे विक्रीचा करार, मात्र हिंदीत, चोवीस पानी. सही झाली, रजिस्ट्री झाली, ताबा मिळाला. मग निवांत वाचलं, तर पार्किंग 'खुली', आणि नर्मदेच्या पाण्याबद्दल एक अक्षर नाही.

वकिलांकडे खेपा घालताना कळलं की या दोन आश्वासनांच्या वाटा कायद्यात वेगळ्या आहेत. ते न समजता लोक हातातला दावा घालवतात.

"साक्षीदार आहेत, मग झालं" असं धरून चालणं

करार कागदावर उतरला की त्यातल्या अटी त्या कागदावरूनच सिद्ध करायच्या, आणि त्यांना छेद देणारा तोंडी पुरावा चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाची (पुराव्याच्या कायद्याची) कलमं 94 आणि 95 हेच सांगतात. 1872 च्या कायद्यात ती 91 आणि 92 होती. अनुबंधात 'खुली' लिहिलंय, तिथे 'झाकलेली' ठरली होती अशी काकांनी शपथेवर साक्ष दिली तरी दिवाणी न्यायालयात ती अडते.

पण कागद जिथे गप्प आहे, तिथे दार बंद नाही. लेखी अटींशी विसंगत नसलेला वेगळा तोंडी करार त्याच कलम 95 नुसार सिद्ध करता येतो. नर्मदेचं कनेक्शन नेमकं या खान्यात बसतं. एक अडचण आहे: दस्त किती औपचारिक आहे हे न्यायालय पाहतं. साध्या चिठ्ठीशेजारी तोंडी शब्दाला जितकी जागा मिळते, तितकी नोंदणीकृत अनुबंधाशेजारी मिळत नाही. म्हणून कागद पुन्हा वाचा आणि प्रत्येक आश्वासनापुढे लिहा: विरुद्ध की गप्प? मला विचाराल तर वकिलाकडे जायच्या आधीचं सगळ्यात मोलाचं काम हेच.

सही झाल्यावर दिलेल्या शब्दाचं आणखी वेगळं. मूळ करार नोंदणीकृत असेल, तर नंतरचा तोंडी बदल सिद्ध करू देत नाहीत. "पुढे बघून घेऊ" म्हणणाऱ्याकडून पूरक करार करून घ्या आणि तोही नोंदवा.

फसवणूक आणि शब्द मोडणं एकच समजणं

फसवणूक झाली असेल तर कलम 95 ची आडकाठी राहत नाही. ती दाखवायला तोंडी पुरावा देता येतो. पण फसवणूक कशाला म्हणायचं? भारतीय करार अधिनियम 1872, कलम 17: पाळायचा इरादाच नसताना दिलेलं वचन हीसुद्धा फसवणूक. म्हणजे शब्द देतानाच मनात खोट होती हे दाखवावं लागतं. तुम्हाला देऊ केलेली जागा त्याआधीच दुसऱ्याला विकली असल्याचा कागद सापडला, तर तो दहा साक्षीदारांपेक्षा बोलका. हे सिद्ध झालं तर कलम 19 प्रमाणे करार रद्द करता येतो, किंवा करार ठेवून सांगितलेली गोष्ट खरी असती तर ज्या स्थितीत असता ती स्थिती मागता येते. दोघांनी ठरवलेलं लिहिताना चुकलं असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 26 खाली दस्त दुरुस्त करून मागता येतो.

जाहिरातीचा कागद फेकणं

मावशीने ब्रोशर रद्दीत घातलं नव्हतं, हे नशीब. त्यात झाकलेल्या पार्किंगचं चित्र होतं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा 2016, कलम 12: जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट पाहून पैसे भरले आणि ते खोटं निघालं तर भरपाई मिळते; व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह रक्कम परत. याच कायद्यात, नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई आहे. करार वाचायचा असतो तो इथे, उरलेले पैसे देण्यापूर्वी.

व्हॉट्सअॅपचे संदेश आणि कॉलची रेकॉर्डिंग असतील तर मूळ फोन विकू नका, बदलू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं प्रमाणपत्र लागतं.

गप्प बसणं

ग्राहक आयोगात तक्रारीला 2 वर्षं, दस्त रद्द करायच्या दाव्याला वस्तुस्थिती कळल्यापासून 3 वर्षं. "करून देतो हो" ऐकत ही मुदत निघून जाते. खोटं कळल्यावरही मुकाट्याने लाभ घेत राहिलात, तर करार मान्य केला असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. म्हणून लगेच लेखी हरकत घ्या, स्पीड पोस्टने. ताबापत्रावर "कोणतीही तक्रार नाही" असं छापलेलं असेल, तर त्याखाली आपली हरकत हाताने लिहूनच सही करा. ग्राहक तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते आणि दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर.

लिहिलेली हरकत बिल्डरकडे गेली, आणि महिन्याभरात मावशीच्या टाकीत नर्मदेचं पाणी आलं. पार्किंगचा अर्ज भोपाळला रेराकडे आहे, ब्रोशर जोडून.