बॉयलरच्या घरातला पहिला हिवाळा

थंड देशात घर भाड्याने घेतलं की स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरी पेटी दिसते. हा बॉयलर: तो नळाचं पाणीही तापवतो आणि खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटरही (भिंतीलगतचे, आतून गरम पाणी फिरणारे धातूचे पॅनेल). गीझरची सवय असलेला माणूस तिला मोठा गीझर समजतो आणि तिथेच घोळ सुरू होतो.

या घरात पाणी दोन वाटांनी फिरतं आणि ते एकमेकांत मिसळत नाही. रेडिएटरमधलं पाणी वर्षानुवर्षं तेच असतं, बंद पाइपांतून पंपाने गरगरत राहणारं, गंजाने काळं पडलेलं. नळाचं पाणी ताजं. कॉम्बी बॉयलरमध्ये (म्हणजे साठ्याची टाकी नसलेल्या, लागेल तेव्हाच पाणी तापवणाऱ्या) गरम पाण्याचा नळ सोडला की आतला डायव्हर्टर व्हॉल्व, म्हणजे पाण्याची वाट बदलणारी झडप, फिरतो आणि तापलेलं पाणी रेडिएटरऐवजी एका छोट्या हीट एक्स्चेंजरकडे वळतं. नळाचं पाणी तिथे पत्र्याच्या पलीकडून जाता जाता तापतं. म्हणून कोणी आंघोळ करत असताना रेडिएटरना उष्णता मिळत नाही. हा बिघाड नाही. उलट उन्हाळ्यात हीटिंग बंद असूनही नळ सोडल्यावर रेडिएटर तापत असेल, तर हा व्हॉल्व अडकलाय.

२४ किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला साधारण १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवतो. त्यात दोन शॉवर एकदम चालत नाहीत. कॉम्बीऐवजी कपाटात गरम पाण्याची उभी टाकी असेल तर गरम पाण्याचा टायमर वेगळा लावावा लागतो. टाकीचं तापमान ६० अंशांच्या खाली आणून बचत करू नका, कोमट साठ्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात.

आता रेडिएटरच्या बंद पाइपांतल्या पाण्याचं प्रेशर, कारण बॉयलर बंद पडला की आधी पाहायचं ते हेच. गार असताना बॉयलरवरच्या मापकाचा काटा १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) मध्ये हवा. तापल्यावर थोडा चढतो, ते ठीक. तो फारच खाली, साधारण अर्ध्या बारवर, आला की बरेच बॉयलर पेटायलाच नकार देतात. मग बॉयलर बंद करून गार होऊ द्या. खाली तारेच्या वेष्टणाची लवचिक नळी आणि तिच्या दोन तोट्या शोधा (काही मॉडेलांत नळीऐवजी छोटी चावी असते). तोट्या हळूहळू उघडा, काटा १.३ वर आला की दोन्ही घट्ट बंद. एखादी किंचित जरी उघडी राहिली तरी प्रेशर चढत जातं आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व उघडून घराबाहेरच्या नळीतून पाणी ठिबकायला लागतं.

दर पंधरवड्याला पाणी भरावं लागतंय? मग भरत बसू नका. तापल्यावर काटा ३ च्या जवळ जातो आणि गार झाल्यावर आधीपेक्षा खाली येतो, असं होत असेल तर एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगणारं पाणी सामावून घेणाऱ्या डब्यातली) हवा गेली असण्याची शक्यता मोठी. काटा नुसताच सावकाश उतरत असेल तर कुठेतरी गळती. मेकॅनिकला हे निरीक्षण आधीच सांगा. पेटीचं झाकण मात्र स्वतः उघडू नका.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम म्हणजे आत हवा. हीटिंग बंद करून गार होऊ द्या, खाली फडकं धरा (ते काळं पाणी गालिच्यावरून निघत नाही), चौकोनी चावीने वरच्या कोपऱ्यातला स्क्रू पाव फेरा डावीकडे फिरवा. फुस्स आवाज थांबून पाणी आलं की आवळा आणि प्रेशर पुन्हा बघा. खालून, मधोमध गार असेल तर गाळ साचलाय, तिथे चावीचा उपयोग नाही.

थर्मोस्टॅट २८ वर नेल्याने घर लवकर तापत नाही, फक्त बॉयलर जास्त वेळ जळतो. ज्या खोलीत तो भिंतीवर आहे, तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व पूर्ण उघडा ठेवा. बाकी खोल्यांत रेडिएटरच्या व्हॉल्ववरचा ३ आकडा साधारण २० अंशांना पुरतो.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुरगुरून बंद पडला तर बाहेर जाणारी प्लास्टिकची बारीक नळी पाहा. तिच्यातून धुरातलं गार झालेलं पाणी निघतं आणि तेच गोठतं. कोमट पाणी ओता, उकळतं नको, मग रीसेट.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आजच आणा. या वायूला वास नसतो.

उन्हाळ्यात रेडिएटरचे व्हॉल्व पूर्ण उघडे ठेवा, नाहीतर आतली पिन दबूनच अडकते. आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं हीटिंग चालवा, म्हणजे पंप जाम होत नाही.