प्रश्न न विचारता माहिती कशी काढायची: हेरांच्या सवयी आपल्या ऑफिसात

हेर म्हटलं की डोळ्यापुढे बंदूक आणि पाठलाग येतो, पण या लोकांचं रोजचं काम म्हणजे माणसांशी बोलणं आणि मग बसून रिपोर्ट लिहिणं, बराचसा कारकुनी मामला. 1968 मध्ये रॉ सुरू झाली तेव्हाचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव, ते तर फोटो काढून घ्यायलाही टाळाटाळ करायचे. म्हणजे तुम्ही बोलघेवडे नसाल तरी चालतं, उलट बरंच.

सगळ्यात कामाचं आधी सांगतो. थेट प्रश्न कमी करा. दुसऱ्या महायुद्धात हान्स शार्फ नावाचा जर्मन हवाई दलाचा माणूस पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांची चौकशी करायचा, मारझोड नाही, शिव्या नाही, जंगलात फिरायला न्यायचा, गप्पा मारायचा आणि सगळं मला आधीच ठाऊक आहे असा आव आणायचा. अमेरिकन विमानांच्या चमकणाऱ्या गोळ्या मध्येच लालच्या पांढऱ्या का होतात हे त्याला हवं होतं. तो सहज म्हणाला, तुमच्याकडे केमिकलचा तुटवडा दिसतोय. वैमानिकानं लगेच सुधारलं की छे, दारूगोळा संपत आला हे पायलटला कळावं म्हणून तसं असतं. प्रश्न विचारलाच नव्हता! (युद्धानंतर हा गडी अमेरिकेत मोझॅक कलाकार झाला, डिस्ने वर्ल्डच्या किल्ल्यातही त्याचं काम आहे.)

आता हे इंदूरला आणा. सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या कंपनीत अर्ज करायचाय, ओळखीचा दादा तिथेच आहे, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत भेटलात. "दादा, पगार किती मिळतो?" विचारलं की तो सावध होतो. त्याऐवजी जे खरंच कानावर आलंय ते बोला:

"तीन वर्षांच्या अनुभवाला तुमच्याकडे सहा-सात लाखच देतात म्हणे, वर नोटीस तीन महिन्यांची."

"नाही रे, सहाला कोण येतंय, आठच्या वर आहे, पण त्यात कामावर ठरणारं व्हेरिएबलही धरतात. नोटीस खरीय, पण मॅनेजरनं मनावर घेतलं तर दोनात सोडतात."

झालं, चार गोष्टी मिळाल्या. आता गप्प बसा, दोन घास खा, तो आपणहून अजून बोलेल. लोकांना सांगण्यापेक्षा दुसऱ्याला सुधारायला जास्त आवडतं, आणि आपल्या आत्या-मावश्या लग्नाच्या पंगतीत हेच करून पोराचा पगार काढतात, त्यांना कुठलं ट्रेनिंग दिलं होतं?

एक मात्र, मनानं आकडे रचू नका. हेराला पुढच्या वर्षी दुसऱ्या देशात पाठवतात, तुम्हाला तोच दादा गणपतीत आरतीला भेटणार आहे आणि इंदूरचा मराठी गोतावळा एवढासा, थापा दोन दिवसांत घरी पोचतात. हेरांच्या जगात माणूस फोडायला चार गोष्टी सांगायचे, पैसा, विचारसरणी, दबाव आणि अहंकार. पण 2013 साली सीआयएच्याच जर्नलमध्ये एक लेख आला की याच्या पुढे जाऊन परतफेड, आपुलकी, दिल्या शब्दाला जागणं अशा गोष्टी वापरा. दबाव तर ऑफिसात विसराच. काम पडायच्या आधी कुणाचा रेझ्युमे पुढे पाठवा, पोराच्या ॲडमिशनची माहिती काढून द्या, आणि लगेच वसुलीला जाऊ नका.

भेट झाली की पार्किंगमध्ये गाडी सुरू करायच्या आधी मोबाईलवर टिपून ठेवा, तो काय म्हणाला ते वेगळं आणि तुम्हाला काय वाटलं ते वेगळं. रात्री आठवून लिहाल तर दोन्हीची खिचडी होते आणि "साहेब नाराज आहेत" हे तुमचंच मत तुम्हाला बातमी वाटायला लागतं.

बॉसशी बोलताना शब्दांऐवजी आकडा द्या. 1951 मध्ये अमेरिकेच्या हेरखात्यानं युगोस्लाव्हियावर हल्ल्याची "गंभीर शक्यता" आहे असं लिहिलं. शर्मन केंट नावाच्या अधिकाऱ्याच्या मनात 65 टक्के होतं, पण सोबत लिहिणाऱ्यांना विचारलं तर कुणी 20 म्हणे, कुणी 80. आपलं "होऊन जाईल सर" हे तसंच. "शुक्रवारपर्यंत 70 टक्के, क्लायंटचा डेटा बुधवारी आला तर" असं म्हणा, डेटा नाही आला तर बोलणी तुम्हाला खावी लागत नाहीत.

आणि हे तुमच्यावरही वापरतात हं. कुणी म्हणालं, "तुमच्याकडे यंदा इन्क्रिमेंट चारच टक्के झालं म्हणे," तर जीभ आपोआप सुधारायला धावते. तिला आवरा आणि म्हणा, "असेल बुवा, तुमच्याकडे काय झालं?"