इंजेक्शनच्या गाडीची रेस बिघडली? स्क्रूला हात लावण्याआधी हे करा

सिग्नलला थांबलं की गाडी बंद पडते, एसी लावला की इंजिन गुदमरतं, नाहीतर आरपीएमचा काटा उगाच वर-खाली करत राहतो. गॅरेजमध्ये यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "रेस (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) थोडी वाढवून देतो." कार्बुरेटरच्या जमान्यात ते ठीक होतं. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत त्याने बहुतेक वेळा मूळ बिघाड झाकला जातो.

अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनात जाणारी हवा अडवणारी थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद होते. मग इंजिन चालू राहण्यापुरती हवा बाजूच्या वाटेने जाते आणि ती किती सोडायची हे ईसीयू (इंजिनाचा संगणक) आयएसी व्हॉल्व्हमार्फत, म्हणजे ही हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेमार्फत ठरवतो. चकतीला टेकणारा स्टॉप स्क्रू कारखान्यातच बसवलेला असतो. तो पिळला तर थ्रॉटल सेन्सरचं 'पूर्ण बंद'चं रीडिंग चुकतं आणि पाय काढलाय हेच ईसीयूला नीट कळत नाही.

१. गाडी सपाट जागी, उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा. रेडिएटरचा पंखा एकदा चालू होऊन बंद पडेपर्यंत इंजिन गरम होऊ द्या. एसी, दिवे बंद. आता काटा बघा. लहान पेट्रोल इंजिनात तो साधारण ७५० ते ९०० च्या दरम्यान असतो. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. थंड इंजिनाची रेस जास्त असणारच, तिच्यावरून काही ठरवू नका.

२. रेस जास्त आहे की कमी, यावर पुढचं सगळं अवलंबून. जास्त असेल तर बहुधा कुठून तरी फुकटची हवा आत जातेय. इनटेक मॅनिफोल्डला (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांना) जोडलेले सगळे रबरी पाइप तपासा, विशेषतः ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) आणि पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या व्हॉल्व्हचा). चिरा बहुधा टोकाला, क्लिपखाली पडतात. फुसफुस आवाज ऐका. संशयित सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. रेस क्षणभर बदलली तर गळती तिथेच. वायरिंग आणि कॉइल मात्र कोरडी ठेवा. काहीजण यासाठी कार्बुरेटर क्लीनर फवारतात. गरम इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, त्या वाटेला जाऊ नका. अॅक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना, हेही बघून घ्या.

रेस कमी असेल किंवा गाडी बंद पडत असेल, तर संशय काजळीवर. आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात आणि पीसीव्हीतून येणारी तेलकट वाफ चकतीच्या कडेला थापली जाते.

३. इंजिन थंड करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हवेचा पाइप सोडवून थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घ्या आणि चकतीची कड, मागची बाजू व बाजूचं भोक पुसा. आयएसी सुटा होत असेल तर फक्त टोक पुसा. पिन हाताने ओढू-ढकलू नका आणि मोटरीत क्लीनर जाऊ देऊ नका. चकती मोटरने हलणाऱ्या गाडीत वेगळा आयएसी नसतोच. तिथे किल्ली चालू असताना बोट आत घालू नका.

४. सगळं जोडून, कशालाही हात न लावता इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालू द्या, मग काही मिनिटं एसी लावून. सुरुवातीला रेस चढलेली वाटू शकते, कारण काही गाड्यांत ईसीयू जुन्या काजळीच्या हिशोबानेच हवा सोडत असतो. काही गाड्यांना स्कॅनरने रीसेट लागतो.

५. नव्वदच्या दशकातल्या होंडासारख्या काही इंजिनांत बायपास हवेचा वेगळा स्क्रू असतो. तिथे मॅन्युअलप्रमाणे आयएसीचा प्लग काढून, दिलेल्या आकड्यावर रेस बसवतात आणि नंतर ईसीयूची मेमरी पुसतात. हा स्क्रू फिरवायचा तो गळती आणि काजळी दोन्ही निकालात काढल्यावरच.

रेस आकड्यावर बसली आणि तरी स्टिअरिंग थरथरतंय, तर हवेचा नाद सोडा. स्पार्क प्लग, कॉइल आणि इंजिन माउंटिंग तपासा.