थंडीत ट्रक सुरू होत नाही? आधी सेल्फचा आवाज ऐका

पहाटेच्या गारठ्यात ट्रक सुरू झाला नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो, आणि पुष्कळदा धडधाकट बॅटरी बदलली जाते. खरा बिघाड गंजलेल्या अर्थ केबलमध्ये (बॅटरीचा निगेटिव्ह चॅसीला जोडणाऱ्या), ढिल्या बेल्टमध्ये नाहीतर साकळलेल्या डिझेलमध्ये तसाच राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी एकदा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारा आणि कान द्या.

सेल्फ जड, रडतखडत फिरत असेल तर त्याला पुरेशी वीज मिळत नाही किंवा इंजिन ऑइल घट्ट झाले आहे. नुसता ‘टक’ असा आवाज येऊन डॅशबोर्डवरचे दिवे विझल्यासारखे होत असतील तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल धड पकडत नाही. ‘टक’ होऊनही दिवे तसेच प्रखर राहिले तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा स्विच) किंवा खुद्द सेल्फ तपासा. आणि सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशी गत असेल तर बॅटरीला हातच लावू नका. तिथे प्रश्न डिझेलचा, त्यात शिरलेल्या हवेचा किंवा इंजिन तापवणाऱ्या हिटरचा आहे.

थंडी दोन्ही बाजूंनी कोंडी करते. २७ अंश सेल्सिअसला पूर्ण ताकद देणारी बॅटरी ० अंशाला तिच्या साधारण ६५ टक्के आणि उणे १८ अंशांना ४० टक्केच ताकद देते. त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फ जास्त करंट मागतो. शिवाय डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटते. सेल्फ हळू फिरला की ती उष्णता गार सिलिंडरच्या भिंतींत मुरते, थोडी हवा रिंगांजवळून निसटते आणि पेट घेण्याइतके तापमानच तयार होत नाही. बॅटरीची खरी झीज मात्र उन्हाळ्यातच झालेली असते. उष्णतेने प्लेटा गंजतात, पाणी उडते. हिवाळा फक्त ते उघडे पाडतो.

दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा

बहुतेक जड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मल्टिमीटर दोन्हींच्या टोकांना लावून २४.८ दिसले की लोक समाधान मानतात. पण ते १२.४ अधिक १२.४ असू शकते, तसेच १२.७ अधिक १२.१ सुद्धा. दुसऱ्या प्रकारात एक बॅटरी भरलेली आणि दुसरी अर्ध्याहून कमी आहे. सिरीजमध्ये सगळा करंट दोन्हींतून जातो, त्यामुळे कमजोर बॅटरी चांगलीलाही निकामी करून टाकते.

गाडी रात्रभर उभी असताना मोजणे उत्तम. नुकतीच बंद केली असेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटे लावा, बंद करा, पाच मिनिटे थांबा आणि मग मोजा. नाहीतर प्लेटांवरचा वरवरचा चार्ज फसवतो. प्रत्येक बॅटरीचे आकडे असे वाचा: १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. दोघींत ०.२ व्होल्टहून जास्त फरक दिसला तर जोडी बिघडली समजा.

जोडी बिघडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे रेडिओ, मोबाइल चार्जर किंवा छोटा पंखा यांसाठी एकाच बॅटरीवरून काढलेले १२ व्होल्ट. ती बॅटरी रोज थोडी जास्त उतरते. बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला मात्र दोघींची बेरीजच दिसते. तो एकूण २८.४ व्होल्ट देतो तेव्हा उतरलेलीच्या वाट्याला १३.६ आणि भरलेलीच्या वाट्याला १४.८ जातात. म्हणजे एक कायम उपाशी, दुसरीचे पाणी उकळून जाते. एका बॅटरीत सारखे पाणी घालावे लागत असेल तर तिलाच दोष देऊ नका, आधी शेजारणीचे व्होल्टेज पाहा. यावर उपाय एकच: १२ व्होल्टची उपकरणे २४ वरून १२ करणाऱ्या कन्व्हर्टरवर न्या. आणि बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम बदला, एकाच मेकच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वयाच्या.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर मल्टिमीटरपेक्षा जास्त खरे बोलतो. २७ अंशांना १.२६५ म्हणजे पूर्ण चार्ज, १.१९० म्हणजे अर्धा. थंडीत ॲसिड दाट होते, म्हणून २७ च्या खाली दर १० अंशांमागे वाचनातून ०.००७ वजा करा. ७ अंशांना १.२६५ दिसले तर खरा आकडा साधारण १.२५१ आहे. सहा सेलपैकी एखादा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल गेला, चार्ज करून काही होणार नाही. सीलबंद बॅटरीवरचा हिरवा डोळा एकाच सेलची हकीकत सांगतो, त्यावर विसंबू नका.

पाणी घालायचे ते डिस्टिल्डच आणि चार्ज करून झाल्यावर, प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर. प्लेटा उघड्या दिसत असतील तर आधी त्या बुडण्यापुरतेच घाला. ॲसिड कधीही ओतू नका. गोठवणाऱ्या थंडीत पाणी घालून गाडी तशीच उभी ठेवली तर वरचा थर ॲसिडमध्ये मिसळायच्या आधीच गोठतो.

चार्जर क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यावर लावा. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला १५ अँपिअर, आणि अर्धी उतरलेली असेल तर ६ ते ८ तास धरा. भरलेली बॅटरी उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण पार उतरलेली उणे ७ ते उणे १० च्या आसपास गोठते. डबा फुगलेला दिसला किंवा आत बर्फ दिसला तर चार्जर किंवा जंपर लावू नका, फुटू शकते. आधी उबदार जागी वितळू द्या. डब्याला तडा असेल तर भंगारात.

आता लोड. सेल्फ फिरत असताना दुसऱ्या माणसाकडून प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज वाचून घ्या. एक १०.८ वर टिकते आणि दुसरी ८.७ वर कोसळते, असे दिसले की चोर सापडला. लोड टेस्टर असेल तर बॅटरीवर छापलेल्या सीसीएच्या (थंडीत सेल्फ फिरवण्याच्या करंटचा आकडा) निम्मा करंट १५ सेकंद ओढा. २१ अंशांना ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. ० च्या जवळ ९.१ पर्यंत चालते. चाचणीआधी बॅटरी निदान १२.४ वर हवी, नाहीतर रिकामीला नापास करून काय मिळणार?

केबलमध्ये हरवणारे व्होल्ट

हा तपास सर्वांत जास्त टाळला जातो आणि सर्वांत जास्त पैसे वाचवतो. मीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर. काळी तार सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. आता सेल्फ मारा. मीटरवर दिसेल तेवढे व्होल्ट वाटेतच खर्च होत आहेत. ०.५ पर्यंत ठीक, १ च्या वर गेले तर बिघाड नक्की. मग हीच चाचणी निगेटिव्ह खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यात करा. आकडा मोठा आला तर एकेक जोड तपासत पुढे सरका: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचा लग (टोकाची बोल्टखाली बसणारी कडी), लग ते चॅसी. कोणत्याही एका जोडावर ०.१ ते ०.२ हून जास्त नको.

केबलचा रोध ओहममध्ये मोजून हे कळत नाही. समजा सेल्फ ५०० अँपिअर ओढतो आणि एका जोडात ०.००४ ओहम आहे. साधा मीटर तो शून्यच दाखवील. पण तिथे २ व्होल्ट पडतात आणि १००० वॅट उष्णता तयार होते. म्हणूनच दोन-तीन वेळा सेल्फ मारल्यावर जो जोड हाताला गरम लागतो तोच गुन्हेगार. नेहमीची ठिकाणे: दोन बॅटऱ्यांना जोडणारी आखूड केबल, मेन स्विचचे आतले संपर्क, इंजिन ते चॅसी अर्थ पट्टी, आणि रंगावरच कसलेला अर्थचा लग.

सफाई करताना निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी. पांढरा-हिरवा क्षार कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पण झाकणे घट्ट लावा, सोडा आत गेला तर ॲसिड मरते. वायर ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, क्लॅम्प कसा, मग वरून पेट्रोलियम जेली. क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवू नका, खांब आतून सुटतो.

चार्जिंगची तपासणी झटपट होते. इंजिन मध्यम वेगावर असताना दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून २७.६ ते २८.८ व्होल्ट हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर आकडा २६ कडे घसरला तर बेल्ट किंवा अल्टरनेटर पाहा. दोन दिवस उभी राहून उतरणारी गाडी असेल तर सगळे बंद करून, अर्धा तास थांबून क्लॅम्प मीटरने गळती मोजा. नुसता अर्धा अँपिअर ४८ तासांत २४ अँपिअर-अवर खातो. मागाहून बसवलेला ट्रॅकर आणि केबिनमधले इन्व्हर्टर आधी काढून बघा.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

सायलेन्सरकडे पाहा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जाते पण पेटत नाही, म्हणजे उष्णता कमी पडते. सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग किंवा इनटेकमधली, म्हणजे आत जाणारी, हवा तापवणारा ग्रिड हिटर तपासा. ग्रिड हिटर मोठा करंट ओढतो, त्यामुळे चावी फिरवल्यावर व्होल्टमीटरचा काटा खाली बसायला हवा. बसला नाही तर रिले किंवा फ्यूज गेला. डॅशबोर्डवरचा हिटरचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारू नका.

धूरच नाही तर डिझेल पोचत नाही. थंडीत डिझेलमधले मेण साकळून फिल्टर चोंदतो, आणि डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या विभाजकात साठलेले पाणी गोठते. पाणी रोज काढून टाकत जा. फिल्टरवर गरम पाण्याने भिजवलेले फडके गुंडाळा, ज्योत कधीच नाही. हँड पंप दाबल्यावर कडक होत नसेल तर कुठेतरी हवा ओढली जाते आहे. थंडीने आकसलेले रबर सील आणि पाइपांचे जोड हे त्याचे घर. इंजिन दोन-चार सेकंद चालून बंद पडणे हीही हवेचीच खूण. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका, कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) पंपाला डिझेलचेच वंगण लागते. इथरचा स्प्रे ग्लो प्लग किंवा ग्रिड हिटर असलेल्या इंजिनात मारला तर इनटेकमध्येच स्फोट होऊ शकतो.

ऑइलचा ग्रेडही पाहा, ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा जितका लहान तितके ते थंडीत कमी घट्ट होते. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली क्रँकिंग चाचणी उणे २० ला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला.

सेल्फ मारताना दिवे आणि ब्लोअर बंद, क्लच दाबलेला. गिअरबॉक्समधले घट्ट तेल फिरवण्याचे ओझे तरी वाचते. एका वेळी १० ते १५ सेकंद, मग दोन मिनिटे विसावा.

जंपर लावायचाच झाला तर २४ ला २४ च. आधी दोन्ही गाड्यांचे पॉझिटिव्ह जोडा, मग मदत करणाऱ्या गाडीचा निगेटिव्ह, आणि चौथे टोक बंद गाडीच्या इंजिनवर किंवा चॅसीच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. तिथे ठिणगी पडतेच, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असतो. पाच-दहा मिनिटे चार्ज होऊ द्या, मगच सेल्फ. सुरू झाल्यावर केबल उलट्या क्रमाने काढा. इंजिन चालू असताना गाडीच्या स्वतःच्या बॅटरीची केबल मात्र सोडू नका, अल्टरनेटरचा डायोड उडतो. आणि अर्धा तास आयडलवर ठेवून उतरलेली बॅटरी भरली असे समजू नका, रात्री चार्जर लावाच.