सर्व्हरवर कोणी घुसलंय का ते कसं बघायचं (लिनक्सवाल्यांसाठी)

उबंटूचा सर्व्हर भाड्याने घेतलाय आणि पोर्ट २२ (एसएसएचचं, म्हणजे दुरून लॉगिन करायचं दार) सगळ्या जगाला उघडं आहे, तर ऑथ डॉट लॉग (लॉगिनच्या नोंदींची फाइल) बघितल्यावर पहिल्यांदा धडकीच भरते, कारण 'फेल्ड पासवर्ड'च्या ओळींचा ढीग असतो, रूट (सगळे अधिकार असलेला मुख्य युजर), अ‍ॅडमिन, टेस्ट असली नावं टाकून बॉट दिवसरात्र दार ठोकत असतात. ठोकू देत. आत कोण आलं ते बघा, म्हणजे व्हार-लॉगमधल्या त्या फाइलवर (रेडहॅटवाल्यांकडे तिचं नाव सिक्युअर) 'अ‍ॅक्सेप्टेड' शब्द ग्रेप करा, म्हणजे ग्रेप कमांडने शोधा.

त्या ओळीत युजर, आयपी, वेळ आणि पासवर्डने आला की एसएसएच-कीने (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल), सगळं मिळतं. वेळेत गोंधळ होतो, क्लाउडवरचे सर्व्हर बरेचदा यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतात, लॉगमध्ये २०:३० दिसलं की आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले, मग तेव्हा टीममधलं कोण जागं होतं ते विचारा. अनोळखी आयपी दिसला म्हणून लगेच बोंब मारू नका, घरच्या ब्रॉडबँडचा नि हॉटस्पॉटचा आयपी बदलत राहतो, आधी हू-इजमध्ये (आयपी कोणाच्या नावावर आहे ते सांगणारी सेवा) टाकून तो कुठल्या कंपनीचा ते बघा.

कित्येक जण नुसतं 'लास्ट' आणि 'डब्ल्यू' (आधी कोण येऊन गेलं नि आत्ता कोण आहे ते दाखवणाऱ्या कमांड) मारून निवांत होतात. त्याने भागत नाही हो. टर्मिनल न घेता कोणी एकच कमांड चालवून गेला तर तो तिथे दिसतच नाही, ऑथ लॉगमध्ये मात्र सापडतो.

कीने आला असेल तर ओळीच्या शेवटी शा-२५६ वाला फिंगरप्रिंट, म्हणजे त्या कीची छोटी ओळख, असतो. आता रूटसकट प्रत्येक युजरची ऑथराइज्ड कीज फाइल (कुठल्या कीजना आत सोडायचं त्याची यादी) घ्या, एसएसएच-कीजेन कमांडला 'एलएफ' लावून तिच्यातल्या कीजचे फिंगरप्रिंट काढा आणि जुळवा. कीच्या शेवटी तुमच्याच सहकाऱ्याचं नाव असलं तरी विश्वास ठेवू नका, ती नुसती कॉमेंट असते, कोणीही काहीही लिहितं. ही की कोणाची असं विचारल्यावर सगळे गप्प बसले, तर समजून जा.

मग पासडब्ल्यूडी फाइलमध्ये (युजरांची यादी) रूट सोडून अजून कोणाचा यूआयडी (युजरचा नंबर) शून्य, म्हणजे रूटइतकेच अधिकार, आहे का, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) नवीन काही आलंय का, 'एसएस' कमांडला (चालू नेटवर्क जोडण्या दाखवते) 'टीएनपी' लावून कुठली प्रोसेस बाहेर कुठे बोलतेय, हे भराभर बघून घ्या. प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या एक्झी लिंकपुढे 'डिलीटेड' दिसलं तर चालू प्रोग्रामची मूळ फाइल उडवलेली असते, अपडेटनंतर असं साधंही होतं, पण टेम्प फोल्डरमधली असेल तर डाळ काळी आहे. आणि लॉगमध्ये मधलेच काही तास गायब असतील तर तेही संशयाचंच, रूट मिळालेला माणूस लॉग पुसू शकतो, म्हणून लॉगची कॉपी दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या.

घुसखोर सापडलाच तर रीबूट मारू नका, मेमरीतला पुरावा जातो. आधी डिस्कचा स्नॅपशॉट, मग फायरवॉलने बाहेरचं सगळं बंद, आणि नवीन सर्व्हर घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपवरून उभा करा. कंपनीचा सर्व्हर असेल तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या आदेशाप्रमाणे कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं, तेव्हा साहेब मीटिंगमध्ये असले तरी बाहेर बोलवा.